मिरचीची खांदमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी घरात पाहुणा असलेला सत्यभामाबाईंना मुळीच चालत नसे. यंदा मात्र धाकटा मुलगा अविनाश सकाळीच पुण्याहून येऊन बसला होता, आणि पोटच्या पोराला पाहुणा म्हणायची चोरी होती.

बावीस वर्षांत तो पोळ्याला आला नव्हता. दिवाळीला यायचा, चार दिवस राहायचा आणि पाचव्या दिवशी त्याला पुण्यात काहीतरी काम निघायचं. यंदा माघात त्याचे वडील भगवानराव गेले. त्यानंतरचा हा पहिला पोळा आणि पोर दिवाळीची वाट न बघता एकटं धावत आलं, म्हणून बाईंना फार बरं वाटलं. पण त्याने चहा पिता पिता येण्याचं कारण सांगितलं आणि ते बरं वाटणं तिथेच थांबलं. अविनाश मिरची न्यायला आला होता. परवा ट्रक येणार होता.

मिरची म्हणजे भगवानरावांची गाडी. विलायतेत बनलेली, दोनच सीटची, डोक्यावर छपराऐवजी कापडी टप असलेली, गर्द हिरवी. चाळीस वर्षांपूर्वी भगवानराव विहिरीवर बसवायचं डिझेल इंजिन आणतो म्हणून मुंबईला गेले आणि इंजिनच घेऊन आले. फक्त त्याला चार चाकं आणि दोन सीटा जोडलेल्या होत्या. त्या वर्षी विहिरीतलं पाणी विहिरीतच राहिलं. पण टप मागे दुमडून ते चिखलीच्या बाजारात शिरले की कापसाचे व्यापारी काटा सोडून बाहेर येत. मेहकर रोडवरचा त्यांचा मळा तेव्हापासून मिरचीचा मळा झाला, आणि बाहेरगावचे लोक मिरचीचा भाव विचारायला येऊ लागले.

"पुन्याले अशा गाड्याइचा क्लब असते, वयनी," भगवानरावांचे धाकटे भाऊ रामराव बशीतला चहा फुंकत म्हणाले. "तिथं तिची किंमत होईन. इथं कोनाले समजते?" सकाळी पुतण्याने आणलेली बाकरवडी त्यांच्या मांडीवर होती, त्यामुळे ते कोणाच्या बाजूने बोलणार हे उघडच होतं.

"अप्पाची गाडी अप्पाच्या शेडात राहीन," थोरला गोपाल म्हणाला. शेती तोच बघे. "तिले पुन्याले नेऊन काय करतं तू? रईवारी फिरवशीन अन् फोटो टाकशीन."

"आणि तू काय करतोस, दादा? सोयाबीनची पोती ठेवतोस तिच्याभोवती. कोण लक्ष देतं तिच्याकडे?"

"काऊन? चंद्रशेखर मिस्त्री येते न चिखलीवरून. दरवर्सी पोळ्याले येते. तोच पाह्यते सारं."

स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या सत्यभामाबाईंनी सुनेकडे पाहिलं. गोपालची बायको सुचिता चहाच्या गाळण्यात काहीतरी शोधू लागली. दोघा भावांनी अर्धा तास मिरचीची वाटणी केली, पण गाडीच्या मालकाची बायको समोर बसलेली असून तिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. बाईंना राग आला. पण त्यांना राग आला की त्या कामाला लागत, म्हणून त्या उठल्या आणि सुचिताला डोळ्याने खुणावून शेडकडे गेल्या.

* * *

सुचिताला या घरात येऊन अठरा वर्षं झाली होती, आणि घरातलं सगळ्यात मोठं गुपित तिच्याकडे होतं. चंद्रशेखर मिस्त्री सहा वर्षांपासून आलाच नव्हता. तो लेकीकडे अकोल्याला राहायला गेला, आणि त्याच वर्षी भगवानरावांची उजवी बाजू गेली. चार महिने गाडी बंद, मालक बंद. मग एक दिवस त्यांनी आपली खाट शेडच्या दारात ओढायला लावली आणि बायकोला म्हणाले, "तेवढा अर्ध्या इंचाचा पाना दे." तिने दिला. तो त्यांच्या हातात राहिना. तीनदा पडला. चौथ्यांदा बाईंनी तो उचलून त्यांना दिलाच नाही. शेडमध्ये गाडीखाली शिरायला एस.टी.च्या वर्कशॉपसारखा खड्डा खणलेला होता. बाई पदर खोचून त्यात उतरल्या आणि खालून विचारलं, "कोनता बोल्ट, तेवढं सांगा."

तेव्हापासून ते सांगत आणि बाई करत. सुचिता वरून सामान देई आणि न मिळणारे वायसर मोबाइलवर शोधून मागवी. भगवानरावांनी दोघींना एकच गोष्ट बजावली होती, "पोरायले सांगू नोका. मिस्त्री येऊन गेला म्हना." बायकोच्या हातून गाडी दुरुस्त करून घेतो याची त्या भल्या माणसाला लाज वाटे. ते गेले तरी बाईंनी शब्द पाळला होता.

आता बाई खड्ड्यात होत्या. सकाळी सगळे आंघोळीला गेले तेव्हा त्यांनी इंजिन जरा चालवून कोमट करून घेतलं होतं. त्यांनी खालचा बोल्ट फिरवला आणि काळं तेल घमेल्यात पडू लागलं.

हा या घरचा रिवाज होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, ती खांदमळणी. घरची शेवटची बैलजोडी विकून ट्रॅक्टर आला, तेव्हा भगवानरावांची म्हातारी आई हटून बसली होती, की आता तूप कोणाच्या खांद्याला लावू? भगवानरावांनी मिरची दाखवली. तिचं तेल तसंही पोळ्यालाच बदलत. मग ठरून गेलं: आदल्या दिवशी जुनं तेल काढायचं, बोल्ट उघडा ठेवून गाडीला रात्रभर विसावा द्यायचा, आणि पोळ्याला पूजा झाली की नवं तेल. त्या दिवशी बैलाला कोणी जुंपत नाही, तसं मिरचीलाही कोणी चालू करत नाही. अविनाश तोवर पुण्याला गेलेला होता.

"आत्याबाई, भाऊजी खरंच नेतीन का?" सुचिताने वरून विचारलं.

बाईंनी खाली घमेलं नीट सरकवलं. "नेईन. त्याले बापाची आठोन हाये. त्यात काय खोटं हाये?"

"अन् डोनगाव?"

बाईंनी बोल्ट वर सुचिताच्या हातात दिला. "वाटीत रॉकेलमंधी ठेव. हरपू नोको."

सुचिताने बोल्ट वाटीत टाकला. डोणगाव बाईंचं माहेर. गाडी आली त्या वर्षी भगवानराव म्हणाले होते, "पोळा होऊ दे, नवं तेल घातलं का पहिली फेरी डोनगावची. तुले बसवून नेतो." उघड्या गाडीत सून बसलेली सासूला खपली नसती, म्हणून एक वर्ष गेलं. मग पोरं लहान म्हणून राहिलं. मग कामं निघाली. दरवर्षी नवं तेल पडे, दरवर्षी ते वचन देत, आणि त्यांचे हात चालले तोवर दरवर्षी पहिली फेरी चिखलीची होई. बाई एस.टी.ने माहेरी जात, मांडीवर पिशवी घेऊन. एवढ्या वर्षांत त्या मिरचीत एकदाही बसल्या नव्हत्या. गाडी चालू करायची तरी बाहेर उभ्या राहून, दारावरून हात घालून चावी फिरवत. सुचिताने एकदा म्हटलं होतं, नुसतं बसून तर पाहा. "बसीन तं डोनगावलेच जाईन," बाई म्हणाल्या होत्या. "उभ्या गाडीत कायले बसाचं?"

परवा ट्रक आला की ते सगळंच संपणार होतं.

* * *

बाई तूप तापवायला घरात गेल्या, सुचिता आंगणात हळद कुटू लागली, आणि तेवढ्यात अविनाशने देवघरातल्या खिळ्यावरची चावी काढली.

त्याचा काही वाईट हेतू नव्हता. क्लबचे एक जाणकार गृहस्थ चार वाजता व्हिडिओ कॉलवर येणार होते, त्यांना इंजिनचा आवाज ऐकायचा होता. शेडमध्ये शिरल्यावर मात्र अविनाश जरा वेळ नुसता उभा राहिला. त्याला वाटलं होतं धूळ असेल, उंदरांनी सीट खाल्लेली असेल. पण चामड्याला तेलाचा हात होता, टप कोरडा आणि पसरून ठेवलेला होता, चाकांवर भार नको म्हणून गाडीला लाकडी ठोकळे दिलेले होते. मिस्त्री इमानदार आहे, असं त्याला वाटलं.

तो डावीकडच्या सीटवर हात ठेवून उभा होता. ही त्याची जागा. चिखलीला जाताना अप्पा चालवायचे आणि तो इथे बसायचा. वारा तोंडात शिरायचा, ओल्या ज्वारीचा वास यायचा, आणि अप्पा घसा फोडून गायचे, कारण उघड्या गाडीत आपण किती बेसूर आहोत ते ऐकू येत नाही. पुण्यात त्याच्याकडे दोन गाड्या होत्या आणि दोन्हींत बसलं की त्याला झोप यायची. त्याला ही गाडी पाहिजे होती, कारण त्याला तो वारा परत पाहिजे होता.

फोन वाजला. एका हातात फोन धरून तो चालकाच्या सीटवर बसला आणि त्याने चावी फिरवली. मिरची पहिल्या झटक्यात चालू झाली.

"ऐका सर," तो फोनमध्ये म्हणाला.

"बंद कर," मागून आवाज आला.

सत्यभामाबाई तुपाची वाटी घेऊन धावत आल्या होत्या. त्यांच्या पायांत चप्पल नव्हती.

"आई, एकच मिनिट. ते ऐकतायत."

"अविनाश, बंद कर म्हनते न."

तो हसून हाताने थांब म्हणत होता. बाईंनी वाटी खाली टाकली, दारावरून हात घातला आणि चावी फिरवली. ज्या सराईतपणे तो हात गेला त्याने अविनाश चकित झाला. त्याने फोन बंद केला. आवाज ऐकून गोपाल आणि रामरावही धावत आले.

"तेलाची काडी पाह्यली होती का?" बाईंनी विचारलं.

अविनाशचा चेहरा उतरला. काडी पाहिल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही, हे अप्पांनी त्याला सातव्या वर्षी शिकवलं होतं. त्याने बॉनेट उघडून काडी ओढली. तिच्या टोकाला तेल नव्हतं. सुचिताने खड्ड्यावरची फळी सरकवली. खाली घमेलं भरून काळं तेल होतं.

"तेल काढून ठेवलं आणि कोणाला सांगितलंही नाही?" अविनाश चिडला, थोडासा स्वतःवरच. "दादा, त्या मिस्त्रीचा नंबर दे मला."

"मिस्त्री सा वर्सापासून अकोल्याले हाये, भाऊजी," सुचिता म्हणाली.

"मग तेल कोणी काढलं?"

"म्या काढलं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

रामराव हसले. मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबले. "तुमी, वयनी? खड्ड्यात उतरून?"

"हाव. आता बोलू नोका, मले ऐकू द्या." बाईंनी भिंतीतल्या फळीवरून स्क्रू फिरवायचा लांब पेचकस उचलला. "सुचिता, चावी काढून घे. गोपाल, जॅक लावून ठोकळे काढ. अविनाश, तू वरच्या गिअरात टाक अन् दोघं मिळून ढकला. हयूहयू, बोटभरच. इंजिन नुसतं फिरलं पायजे."

चाळिशी ओलांडलेले दोन भाऊ मुकाट्याने गाडीला लागले. बाईंनी पेचकसाचं टोक इंजिनला लावलं आणि मूठ कानाला. गाडी बोटभर सरकली, आणखी बोटभर सरकली. इंजिन आतल्या आत जड कूस बदलत होतं. बाईंनी पेचकस दुसरीकडे लावला, मग तिसरीकडे. अविनाश आईच्या तोंडाकडे पाहत होता. लहानपणी ताप मोजताना पाहायचा तसा.

"काई नाई झालं," शेवटी त्या म्हणाल्या. "थोडं तेल आंगाले राह्यते तिच्या. वाचली."

आणि त्या सोयाबीनच्या पोत्यावर बसून रडू लागल्या. माघातही त्या एवढ्या रडल्या नव्हत्या. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि सगळ्यांचा चहा त्यांनाच बघायचा होता.

* * *

गोपालला काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने पाण्याचा तांब्या आणला. सहा वर्षं. याच आवारात, त्याच्या नाकासमोर.

"मले कसं दिसलं नाई?" तो सुचिताला हळूच म्हणाला.

"तुमी शेडात पोते ठेवाले येत होते. पाहाले कुठं येत होते?" सुचिताने तेही हळूच सांगितलं, पण सोडलं नाही.

अविनाश आईसमोर उकिडवा बसला होता. तिच्या नखांत काळं तेल होतं. दिवाळीला तो पाया पडताना ही नखं दरवर्षी त्याच्या डोळ्यांसमोर असायची, आणि त्याला वाटायचं चुलीची काजळी आहे.

"तू का सांगितलं नाहीस?"

"त्यायले लाज वाटे. मंग त्यायची लाज म्या राखली."

"आणि मी सकाळी न्यायची गोष्ट काढली, तेव्हा तरी बोलायचं."

बाई पदराने नखं पुसू लागल्या. मग सुचिताने तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर डोणगावची सगळी गोष्ट सांगूनच मिटलं. रामराव मध्येच म्हणाले, "हाव, भाऊ म्हने खरा दरसाल," आणि मग आपणही एकदा त्या पहिल्या फेरीत बसून चिखलीला भजी खायला गेलो होतो हे आठवून जमिनीकडे पाहू लागले.

अविनाश मनातल्या मनात मोजत होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नव्या तेलावर, अप्पा आणि तो. दहा वर्षं तरी. "म्हणजे ती सीट माझी नव्हतीच," तो म्हणाला.

"असं काऊन म्हनतं? पोराच्या खालून सीट काढून घेऊ का मी?"

अविनाश उठला. त्याने खिशातून फोन काढला आणि ट्रकवाल्याला सांगितलं, येऊ नका. गोपालने ते ऐकलं. जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

"मी नेत नाही गाडी," अविनाश म्हणाला.

"नेऊ नोको असं मी म्हनतच नाई," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पन जो नेईन त्याले तिची खांदमळनी आली पायजे. तीन पोळे मायासंगं खड्ड्यात उतर. मंग ने. गोपाल, तू बी. घरी राहून तुले काडीबी पाहता येत नाई."

मग त्यांनी नवं तूप तापवून आणलं. पुढच्या चाकांवर मिरचीचे दोन फुगीर खांदे होते. एकाला अविनाशने तूप-हळद चोळली, दुसऱ्याला गोपालने. रामराव म्हणाले, "वयनी, आवतन तुमीच द्या." भगवानराव देत असत ते. बाईंनी पदर नीट केला, हात जोडले आणि बैलांना म्हणतात तसं गाडीला म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सुचिताने पाच मिनिटं थांबून फडक्याने सगळं तूप पुसून काढलं. देवाधर्माचं ठीक, पण तुपाला धूळ चिकटते आणि रंग जातो.

* * *

पोळ्याला पूजा झाली, नैवेद्य झाला, बाईंनी स्वतः नवं तेल घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिरची आंगणात टप दुमडून उभी राहिली. सत्यभामाबाईंनी हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं. मांडीवर घ्यायला एस.टी.तलीच पिशवी होती. तीत डोणगावच्या भावजयीसाठी पुरणपोळ्या होत्या.

"मी नेतो आईला," अविनाश म्हणाला. "हे देणं माझ्याकडेच लागतं."

"तू तं जलमभर बसला तिच्यात," गोपाल म्हणाला. "अप्पानं मले एकडाव चालवू देली नाई. मी नेतो." दोन सीटच्या गाडीत बाप आणि धाकटा बसले की थोरल्याने फाटक लावायचं, हे त्याने किती वर्षं केलं होतं ते त्यालाच माहीत.

बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग त्या वळल्या आणि चावी सुचितापुढे धरली.

"मी?" सुचिता म्हणाली. पोरांना चिखलीच्या शाळेत सोडायला घरची पांढरी गाडी रोज तीच चालवी.

"सा वर्सं वरून पाना कोन दिला? चाल. तेलाची काडी पाह्य अन् बस. दुसरा गिअर कडक हाये, क्लच पुरा दाबजो."

सुचिताने काडी पाहिली. बाईंनी डावीकडचं दार उघडलं, क्षणभर त्या सीटकडे पाहिलं आणि बसल्या. सीट त्यांना वाटली होती त्यापेक्षा फारच खाली होती. त्यांना हसू आलं, आणि आपण हसतोय हे पाहून आणखी हसू आलं.

"आभाळ आलं हाये माय, टप लावून देतो," गोपाल म्हणाला.

"राहू दे. भिजली तं भिजली."

मिरची फाटकातून मेहकर रोडला लागली. बाईंच्या डोक्यावरचा पदर उडाला. त्यांनी एका हाताने तो धरायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. दोघं भाऊ फाटकाशी उभे होते.

"आता समजलं?" गोपालने विचारलं. "मांगं उभं राहून पाह्यनं कसं असते थे?"

"हाव," अविनाश म्हणाला.

गोपालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून फाटक लावलं. तेवढ्यात अविनाशचा फोन वाजला. पुण्याचे ते क्लबवाले गृहस्थ होते. परवा कॉल मध्येच तुटला, गाडी कधी पोहोचणार म्हणून विचारत होते.

"गाडी घरी नाही सर," अविनाश म्हणाला. "माय घेऊन गेली. माहेराला. तुम्ही असं करा, तीन पोळ्यांनी फोन करा."